आधी पिठले, मग कढई

महाविद्यालयाच्या वार्षिकात कविता, प्रवासवर्णने आणि ग्रंथपरीक्षणे पुष्कळ येतात. द्वितीय वर्ष कला शाखेतल्या एका मुलाने कढया नि कुकरांवर लेख लिहावा, याचे वर्गमित्रांना हसू येईल. येवो बापडे. गेली चार वर्षे माझी आई घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवली या उपनगरांत घरोघरी स्वयंपाकाची प्रात्यक्षिके करते आणि भांड्यांची पिशवी उचलायला मी तिच्याबरोबर जातो. त्या पिशवीत कोणती भांडी घालायची आणि त्यांत काय शिजवून दाखवायचे, हे ठरविणे वाटते तितके सोपे नाही. तेच येथे सांगायचे आहे.

ज्यांनी असे प्रात्यक्षिक पाहिले नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. भिशीच्या किंवा हळदीकुंकवाच्या निमित्ताने एखाद्या घरी दहा-पंधरा बायका जमतात. प्रात्यक्षिक करणारी बाई त्या घरच्याच गॅसवर दोन पदार्थ करते, सर्वांना चाखायला देते आणि मग भांडी विकत घेण्याचा विषय निघतो. दुकानात भांडे हाताने वाजवून पाहता येते, शिजवून पाहता येत नाही. ती उणीव येथे भरून निघते. ही पद्धत अमेरिकेत जुनी आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे ॲल्युमिनियमची भांडी दारोदार जाऊन विकणाऱ्यांत सुट्टीत पैसे मिळवू पाहणारे कॉलेजचे विद्यार्थी पुष्कळ असत, हे वाचून मला बरे वाटले. पुढे टपरवेअरने घरगुती मेळाव्यांतून प्लॅस्टिकचे डबे विकून ही पद्धत जगभर नेली. भारतात ती कंपनी १९९६ साली आली. आपल्या मुंबईत तरला दलाल यांनी १९६६ पासून स्वतःच्या घरी पाककलेचे वर्ग घेतले, पण तेथे शिकवणे हाच हेतू होता. आमच्या प्रकारात शिकवणे आणि विकणे एकाच शेगडीवर चालते, आणि सगळी गोम तेथेच आहे.

आई प्रथम एका कंपनीसाठी हे काम करीत असे. कंपनीने पदार्थ ठरवून दिले होते : तेलाचा थेंब न घालता अंडे आणि ओव्हनशिवाय केक. दोन्ही पाहून बायका ‘अगंबाई!’ म्हणत. पण नवी कोरी नॉन-स्टिक कढई अंडे सोडणारच. प्रश्न आहे तो सहा महिन्यांनंतरचा. तिचा थर लोखंडी उलथन्याने खरवडला जातो, आणि भांडे रिकामेच तापत ठेवले व उष्णता सुमारे २६० अंश सेल्सियसच्या पुढे गेली तर तो बिघडू लागतो. हे त्या अंड्यावरून कुणाला कळणार? केकाबद्दल आईचे मत असे, “अरे, केक वर्षातून दोनदा होतो, पिठलं आठवड्यातून तीनदा. मग कढईची परीक्षा कशावर घ्यायची?”

म्हणून तिने पिठले सुरू केले. वरकरणी यात कसले कौशल्य, असे वाटते. परंतु भांड्याची खोड काढायला पिठल्यासारखा पदार्थ नाही. बेसन घट्ट होऊ लागले की तळाशी बसते. स्टीलमधून उष्णता लवकर पसरत नाही, त्यामुळे पातळ तळाच्या स्टीलच्या कढईत ज्योतीच्या वर्तुळाइतकाच भाग करपतो आणि बाकीचा कच्चा राहतो. ज्या स्टीलच्या तळात ॲल्युमिनियमचा जाड थर बसविलेला असतो, त्यात उष्णता सगळीकडे सारखी जाते. आई पिठले झाल्यावर पाच मिनिटे मंद आचेवर न ढवळता ठेवते, मग ताटात काढते आणि कढईचा तळ सगळ्यांना दाखवते. खरवड धरली असेल तर ती सगळीकडे सारखी हवी. मधोमध काळे कडे दिसले, तर विकणारीने कितीही बोलावे, ते भांडे उतरले. हे कडे कंपनीच्या एका कढईत दिसले आणि ते आईने झाकले नाही. तेव्हापासून तिथले लोक तिच्यावर जरा नाराज होते.

उपनगरे बदलली की पदार्थ बदलावे लागतात. मुलुंडच्या गुजराती सोसायट्यांत आई हांडवो करते. तांदूळ-डाळीचे आंबवलेले पीठ तिळाच्या फोडणीवर ओतून झाकण ठेवायचे. खालून कुरकुरीत आणि वरून शिजलेले हवे. जाड तळ आणि घट्ट झाकण यांची एकदम परीक्षा होते. जैन घर असेल तर कांदा, लसूण, बटाटा नाही. वेसाव्याच्या कोळीवाड्यात मात्र शिकवायला जाऊन आईच शिकून आली. तिथल्या एका मावशीने सांगितले की, कालवण ढवळायचे नसते, मासा मोडतो. टोप दोन्ही कडांना धरून फिरवायचा. म्हणजे त्या घराला उंच, एका दांड्याचे भांडे कितीही चकचकीत असले तरी निरुपयोगी. पसरट, दोन कानांचा टोप हवा. आमच्याकडे यासाठी दोन पिशव्या आहेत. मुलुंडला जाणारी कढई वेसाव्याला कधी गेलेली नसते. तेथे कोणी विचारत नाही, पण आई स्वतःहून सांगते.

तिथीसुद्धा पाहावी लागते. संकष्टीला प्रात्यक्षिक ठेवले तर चव कोण घेणार? अशा दिवशी साबुदाण्याची खिचडी करावी. तिचा चिकटपणा ही भांड्याची आणखी एक कसोटी. मार्गशीर्षातले गुरुवार तर आई सरळ सोडूनच देते.

लोखंडी कढई व बिडाचा तवा यांना हल्ली पुन्हा मान आला आहे, आणि भाकरी, घावन, तळलेले बोंबील यांना तो शोभतोही. पण लोखंडात चिंच, कोकम, टोमॅटो घातले की आमटी काळवंडते व तिला लोखंडाची चव येते. तेव्हा लोखंडी कढईत आमटी दाखवू नये, आणि बिनकल्हईच्या पितळेत तर आंबट काहीच करू नये. उंच इमारतींतल्या काही घरांत इंडक्शनची शेगडी असते. आईच्या पर्समध्ये म्हणून एक लोहचुंबक असतो; तो तळाला चिकटला तरच भांडे त्या शेगडीवर चालेल. पंधरा बायकांसमोर भांडे तापलेच नाही, तर काय बोलणार?

कुकर दाखवताना नुसता भात लावू नये. भात कशातही होतो. घरून भिजवून नेलेले छोले किंवा वाटाणे लावावेत. कुकरमध्ये वाफ कोंडून दाब वाढतो आणि पाणी शंभराऐवजी सुमारे १२० अंशांवर उकळते, म्हणून जे उघड्या पातेल्यात तासभर रटरटते ते लवकर मऊ होते. हा फरक डोळ्यांना दिसतो. डाळ-तांदूळ फुगतात, फेसाळतात. ते कुकरमध्ये थेट शिजवताना पाण्यासकट निम्म्याच्या वर भरू नयेत. आणि आयएसआयची खूण पाहावी. १ फेब्रुवारी २०२१ पासून घरगुती कुकरला ती सक्तीची आहे.

आता मापांविषयी. कंपनीची पुस्तिका इंग्रजीत होती. सगळे कप आणि औंस. आई सातवी शिकलेली, म्हणून ती पुस्तिका मी रात्री बसून मराठीत उतरवली. कपाचे भाषांतर ‘कप’ केले की आई विचारी, “कुठला कप? चहाचा?” शेवटी कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ (१९७०) उघडले. त्यात माप वाटी-चमच्याचे, जे प्रत्येक घरात असते. आम्ही पुस्तिकेतले सर्व पदार्थ एकाच वाटीने पुन्हा करून मापे लिहिली. ती वाटी आजही पिशवीत असते आणि ती विकायला नाही. पाहणाऱ्या बाईला दुसऱ्या दिवशी तोच पदार्थ स्वतःच्या घरी जमला नाही, तर दोष कढईला लागतो.

कंपनी सुटली ती असल्फ्याच्या एका चाळीतल्या प्रात्यक्षिकानंतर. तीन घरची धुणीभांडी करणाऱ्या एका ताईंना सात भांड्यांचा संच हप्त्यांवर घ्यायचा होता. आईने विचारले, “घरी रोज काय करता?” भाकरी, डाळ, भात. आई म्हणाली, “मग संच कशाला? बाजारातून बिडाचा एक तवा घ्या, डाळीला कुकर तुमच्याकडं आहेच.” ही गोष्ट वर पोचली आणि त्या महिन्याचे कमिशन अडकले. ते अजून मिळालेले नाही. त्याच महिन्यात माझी प्रवेशाची फी भरायची होती. ती मामाकडून उसनी आणली आणि वर्षभर फेडली. आईने कंपनी सोडली. आता ती घाटकोपरच्या एका भांडीवाल्याकडून माल उचलते आणि खपेल तसे पैसे देते. नफा कमी आहे, पण पदार्थ तिचे ती ठरवते. पुढे मला वाचनात आढळले की, थेट विक्रीसंबंधी २०२१ चे नियम आहेत. त्यांनुसार विक्रेत्याने ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ घेतल्याशिवाय ग्राहकाच्या घरी जाऊ नये. आईला वाचून दाखवले तर ती म्हणाली, “वेळ न घेता कोण कुणाच्या स्वयंपाकघरात शिरतं?”

एक गोष्ट राहिली. खाणे झाल्यावर बहुतेक प्रात्यक्षिके संपतात. आमचे तेव्हा संपत नाही. आई खरकटी कढई मोरीत नेते आणि जिला ती विकत घ्यायची आहे तिलाच घासायला देते. कड्यांच्या खिळ्यांत बेसन अडकते का, काठ हाताला लागतो का, ओली कढई एका हाताने पेलते का, हे घासताना तिचे तिलाच समजते. मागच्या खेपेला बोरिवलीत एका काकूंनी कढई घासली, उलटीसुलटी करून पाहिली आणि ‘जड आहे हो’ म्हणून परत दिली. आईने ती पुसून पिशवीत ठेवली आणि हलकी कढई आणण्यासाठी पुढच्या बुधवारची वेळ ठरवली.