आपल्या पोरींनी कायद्यावर लिहावं

आपल्या भागातल्या काही पोरी आता वकिलीचं शिकतात. काळा कोट घालून कोर्टात उभी राहिली की झाली वकील, असं आपल्याला वाटतं. आज आम्ही तिच्या दुसऱ्या एका कामाविषयी बोलणार आहोत. ते काम म्हणजे कायद्यावर लिहिणं.

कायद्याच्या कॉलेजांची, विद्यापीठांची नियतकालिकं असतात. एखादा निकाल बरोबर की चूक, एखादा कायदा गावात कसा चालतो, यावर त्यांत लेख येतात. कित्येक नियतकालिकं विद्यार्थीच चालवतात. वकील ते लेख वाचतात, कधी न्यायाधीशही निकाल लिहिताना त्यांचा आधार घेतात.

नुसतं लिहून काय होतं? आताच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या देसाईगंजची गोष्ट ऐका. १९७२ साली तिथल्या पोलीस ठाण्यात आपल्यावर बलात्कार झाल्याची तक्रार एका आदिवासी मुलीनं केली. नागपूर खंडपीठानं दोन पोलिसांना शिक्षा दिली. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दोघांनाही सोडलं. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे तिनं विरोध केला नाही, असा तो हिशेब! पुढच्या वर्षी उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धगमवार या कायद्याच्या चार अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. बायका रस्त्यावर उतरल्या. १९८३ मध्ये कायदा बदलला. आता पोलीस कोठडीतल्या अशा प्रकरणात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि बाई कोर्टात म्हणाली की माझी संमती नव्हती, तर कोर्ट तिचं म्हणणं धरून चालतं. नव्हतं असं दाखवायचं ओझं आरोपीवर.

त्या चौघांनी मोठंच काम केलं. पण दरवेळी दिल्ली-पुण्याच्या माणसांनीच आपल्यासाठी का लिहावं?

वनहक्क कायदाच घ्या. २००६ च्या या कायद्यात पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावानं द्यायचा असतो. बाई एकटी घर चालवत असेल तर तिच्या एकटीच्या नावानं. गावातल्या जाणत्या माणसाचा लेखी जबाबही पुरावा धरतात. कागदावर चांगलंच आहे. पण कोलाम पोडावरच्या म्हातारीचा जबाब कोलामीतून मराठीत उतरवताना काय गळून पडतं, हे तिथंच वाढलेल्या पोरीला कळतं. ते कुठल्याच पुस्तकात नाही. तिनं लिहिलं तरच ते कायद्याच्या अभ्यासात जाईल.

अमेरिकेतही मेक्सिकोतून आलेल्या घरांतल्या मुलांना हीच अडचण होती. लॉस एंजलिसच्या कायदा शाळेत त्यांनी १९७२ मध्ये स्वतःचं नियतकालिक काढलं.

वाट सोपी नाही. लेख बहुतेक इंग्रजीत, फी जड. राष्ट्रीय विधी विद्यापीठं आपल्या राज्यात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत. बारावीनंतर तिथं जायला क्लॅट नावाची परीक्षा लागते. तिची तयारी गरीब मुलांकडून करून घ्यायला शमनाद बशीर या प्राध्यापकांनी २०१० मध्ये ‘इडिया’ ही संस्था सुरू केली. आणि इंग्रजी अडलं तर पोरीनं आधी मराठीत लिहावं, भाषांतर नंतर होतं.

बचत गटाला करण्यासारखंही आहे. दाव्याची पोच, ग्रामसभेच्या ठरावाची नक्कल, नामंजुरीचं पत्र असे कागद तारीखवार एका पिशवीत ठेवा. गावची पोरगी लिहायला बसली की तिला दाखवा. फक्त एक अट घाला. जिची गोष्ट, तिला विचारल्याशिवाय तिचं नाव छापायचं नाही.