झेलांचा हिशेब

क्रिकेटचा धावफलक फलंदाजाच्या धावा एकेक करून मोजतो आणि गोलंदाजाच्या प्रत्येक षट्काची नोंद ठेवतो. क्षेत्ररक्षकाच्या वांट्यास मात्र त्यांत एकच गोष्ट येते, ती म्हणजे झेल. सुटलेला झेल तेथें दिसत नाहीं. अडविलेली धावही दिसत नाहीं. भिवंडीच्या मागावर किती वार कापड निघालें एवढ्यावरून विणकराचें कसब ठरत नाहीं; कापडांत दोष किती राहिले हेंही पाहावें लागतें. हाच न्याय क्षेत्ररक्षणास कसा लावावयाचा?

अमेरिकेंतील बेसबॉलच्या खेळानें या प्रश्नाचें एक उत्तर काढलें आहे. तेथील गोलंदाज, म्हणजे पिचर, हातांतून चेंडू सुटतांच स्वतः क्षेत्ररक्षक बनतो. त्यानें किती गडी बाद केले, कितींस बाद करण्यास साहाय्य केलें व किती चुका केल्या, हें सर्व लिहून ठेवतात. पहिल्या दोहोंच्या बेरजेस तिहींच्या बेरजेनें भागलें कीं त्याचें प्रमाण निघतें. ग्रेग मॅडक्स या पिचरला १९९० ते २००८ या काळांत क्षेत्ररक्षणाचें ‘गोल्ड ग्लव्ह’ पारितोषिक १८ वेळां मिळालें. तथापि या हिशेबांतही एक उणीव आहे. जो मंद खेळाडू चेंडूपर्यंत पोहोंचतच नाहीं, त्याच्या नांवावर चूकही लागत नाहीं!

आतां आपल्याकडील उदाहरण घेऊं. मुंबईचे एकनाथ सोलकर हे डावखुरे फलंदाज व गोलंदाज होते. त्यांचे वडील हिंदु जिमखान्याच्या मैदानाची देखभाल करीत. सोलकर १९६९ ते १९७७ या काळांत २७ कसोटी सामने खेळले. गोलंदाज म्हणून त्यांना अवघे १८ बळी मिळाले. परंतु झेल घेतले ५३. दर सामन्यास ही सरासरी १.९६ पडते. ऑस्ट्रेलियाचे बॉब सिम्प्सन यांनीं ६२ सामन्यांत ११० झेल घेतले. त्यांची सरासरी १.७७. राहुल द्रविड यांचे १६४ सामन्यांत २१० झेल, म्हणजे सरासरी १.२८. त्याच काळांतील गोलंदाजांशीं तुलना केली तर अंतर अधिकच वाढतें. बेदी यांचे ६७ सामन्यांत २६, चंद्रशेखर यांचे ५८ सामन्यांत २५ आणि वेंकटराघवन् यांचे ५७ सामन्यांत ४४.

परंतु घाईनें निर्णय देणें बरें नव्हे. सोलकर फलंदाजाच्या अगदीं पुढ्यांत, फॉरवर्ड शॉर्ट लेगला उभे राहत. भारताचा मारा फिरकीचा असल्यामुळें बॅट व पॅड यांना लागून उडालेले झेल तेथेंच येत. सीमारेषेजवळच्या खेळाडूस अशी संधि कोठून मिळणार? म्हणून खरी तुलना त्याच गोलंदाजांवर, फलंदाजाजवळ उभे राहणाऱ्यांशीं केली पाहिजे. स्लिपमधील अजित वाडेकर यांचे ३७ सामन्यांत ४६ झेल झाले, आणि आबिद अली यांचे २९ सामन्यांत ३२. म्हणजे संधीचा भाग वजा केला तरी सोलकरांचें अधिकपण उरतेंच. सामने थोडे, हा आक्षेप मात्र ध्यानांत ठेवावा. दीर्घ काळांत सरासरी बहुधा खालीं येते.

या आंकड्यांमागें धैर्यही होतें. त्या काळीं क्षेत्ररक्षकाच्या डोक्यावर शिरस्त्राण नसे. १९७१ सालीं ओव्हल मैदानावर दुसऱ्या डावांत इंग्लंडचा संघ १०१ धावांत गडगडला. चंद्रशेखर यांनीं ३८ धावांत ६ बळी घेतले, हें सर्वांस ठाऊक असतें. पहिल्या डावांत ९० धावा काढणारे ॲलन नॉट या वेळीं १ धाव करून वेंकटराघवन् यांच्या गोलंदाजीवर बाद झाले. तो झेल सोलकरांनीं झेपावून जमिनीलगत टिपला होता. भारतानें तो सामना जिंकला, आणि त्याबरोबर इंग्लंडच्या भूमीवरील आपली पहिली कसोटी मालिकाही.

बळी गोलंदाजाच्या खात्यांत जमा होतो, हें योग्यच आहे. परंतु सोलकरांची किंमत त्यांच्या १८ बळींवरून करणारा, इतरांच्या खात्यांत गेलेली त्यांची कमाई विसरतो. २००५ सालीं ते निवर्तले. त्यांचे ते ५३ झेल मात्र वहींत कायम आहेत. ते कसे वाचावयाचे, एवढेंच वाचणाऱ्यानें शिकावयाचें आहे.