नळाच्या पाण्यावर मतदान

पाण्यात फ्लोराइड घालावे की नाही, हा प्रश्न विदर्भ-मराठवाड्यातल्या माणसाला विचित्रच वाटेल. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या कित्येक गावांत खडकातून उतरलेले फ्लोराइड बोअरच्या पाण्यातून पोटात जाते, मुलांचे दात पिवळे-तपकिरी पडतात आणि पुढे हाडे ताठरतात. ते काढायचे कसे, ही आपली विवंचना. तुरटी आणि चुना वापरून ते काढण्याची 'नलगोंडा पद्धत' नागपूरच्याच 'नीरी' संस्थेने बसवली. अमेरिकेत मात्र गेली ऐंशी वर्षे उलटा खटाटोप चालला आहे. तिथे ते मुद्दाम घालतात, आणि घालावे का यावर अनेक गावांनी मतदान घेतले आहे. दंतवैद्यकाशी माझा संबंध रुग्णापुरताच. मला या विषयात ओढले ते या मतदानाने.

दोन्ही गोष्टींचे मूळ एकच. कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे १९०१ साली दवाखाना थाटणाऱ्या फ्रेडरिक मॅके या दंतवैद्याला स्थानिकांच्या दातांवर तपकिरी डाग दिसले. हे डागाळलेले दात किडत मात्र कमी. कारण पाण्यातच असावे, हा त्यांचा कयास १९३१ साली एका ॲल्युमिनियम कंपनीतले रसायनशास्त्रज्ञ एच. व्ही. चर्चिल यांनी खरा ठरवला : पाण्यात फ्लोराइड होते. मग ट्रेंडली डीन यांनी शहरोशहरीचे पाणी आणि तिथल्या मुलांचे दात ताडून पाहिले. लिटरमागे सुमारे एक मिलिग्रॅम असेल तर डाग जवळजवळ नाहीत आणि कीडही कमी, असा हिशेब निघाला. २५ जानेवारी १९४५ रोजी मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्स शहराने तेवढे फ्लोराइड पाण्यात सोडायला सुरुवात केली. निर्णय शहराच्या कारभाऱ्यांचा होता.

पाचच वर्षांनी विस्कॉन्सिनमधल्या स्टीव्हन्स पॉइंट या गावाने मतदान घेऊन सुरू झालेले फ्लोराइड बंद पाडले. पुढे हेच वळण पडले. रॉबर्ट क्रेन, एलिहू कॅट्झ आणि डोनाल्ड रोझेन्थल यांनी या भांडणांवर १९६९ साली एक जाडजूड अभ्यास प्रसिद्ध केला. महापौराने वा नगरमंडळाने स्वतःच्या अधिकारात ठरवले तिथे फ्लोराइड बहुधा आले. प्रश्न लोकांपुढे नेला तिथे बहुधा पडला.

लोक अडाणी म्हणून असे होते, हे उत्तर सोयीचे आहे. मला ते पटत नाही. ओरेगनमधले पोर्टलंड हे चांगले शिकलेले शहर. त्याने १९५६ आणि १९६२ साली नकार दिला, १९७८ साली होकार दिला आणि १९८० साली तो मागे घेतला. २०१२ साली नगरमंडळाने एकमताने फ्लोराइडचा ठराव केला, तेव्हा विरोधकांनी सह्या गोळा करून मतदान घ्यायला लावले आणि मे २०१३ मध्ये सुमारे ६१ टक्के मतदारांनी तो ठराव उडवला. या शहराला बुल रन नावाच्या राखीव जंगलातून पाणी येते आणि त्याचा त्याला भारी अभिमान. आपल्या गावच्या झऱ्यात कुणी काही ओतू म्हटले, तर आपणही प्रयोगशाळेचा कागद मागण्याआधी नाहीच म्हणू.

खरी अडचण अशी, की मतपत्रिकेवरच्या एका ओळीत दोन प्रश्न असतात. कीड किती घटते, अपाय होतो का, हा पहिला. तो मोजून सोडवायचा आणि त्याचे उत्तर काळाबरोबर बदलते. फ्लोराइडची टूथपेस्ट घरोघरी आल्यावर पाण्याचा लाभ १९४५ इतका उरला नाही. २०१५ साली अमेरिकेने शिफारस ०.७ मिलिग्रॅमवर आणली. २०२४ साली तिथल्या राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रमाने, १.५ मिलिग्रॅमहून अधिक फ्लोराइडचा मुलांच्या कमी बुद्ध्यांकाशी संबंध दिसतो, असा निष्कर्ष काढला, ०.७ बद्दल सांगण्याइतका पुरावा नाही, असेही नोंदवले. (१.५ ही भारतीय मानकाची कमाल मर्यादा आहे. तो अहवाल पोर्टलंडपेक्षा यवतमाळात वाचला जायला हवा.)

दुसरा प्रश्न संमतीचा : सगळ्यांच्या पाण्यात काही घालण्याचा अधिकार कुणाला? दात मोजून याचे उत्तर मिळत नाही, म्हणून इथे मतदान मला रास्त वाटते. नेदरलँड्सच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७३ साली कायद्याचा आधार नाही म्हणून फ्लोराइड थांबवले, तेही याच मुद्द्यावर. तरी एक सल राहतेच. ज्यांचे दात पणाला लागतात ती मुले मत देत नाहीत, आणि दंतवैद्य ज्यांना परवडत नाही अशा घरांतून मतदानही कमी होते.

मला सर्वांत शिकण्याजोगे वाटते ते कॅनडातले कॅल्गरी. तिथे चार नकारांनंतर १९८९ साली होकार मिळाला, १९९८ साली तो कायम राहिला आणि २०११ साली नगरमंडळाने मतदान न घेताच फ्लोराइड बंद केले. शेजारच्या एडमंटनमध्ये ते चालूच होते, त्यामुळे तुलना आयती मिळाली. २०१८-१९ मध्ये दुसरीतली मुले तपासली, तेव्हा दुधाच्या दातांत कीड असलेली मुले कॅल्गरीत ६४.८ टक्के निघाली आणि एडमंटनमध्ये ५५.१. २०२१ साली पुन्हा मतदान झाले, सुमारे ६२ टक्के लोकांनी होकार दिला आणि जून २०२५ अखेर फ्लोराइड पाण्यात परत आले. चुकले तर परत फिरता येते, हा या रीतीचा गुण. मधल्या चौदा वर्षांत वाढलेल्या मुलांना त्याचा उपयोग नाही, ही तिची किंमत.

अमेरिकेतल्या युटा राज्यात साल्ट लेक आणि डेव्हिस या काउंट्यांनी २००० साली मतदानाने फ्लोराइड स्वीकारले होते. २०२५ साली विधिमंडळाने राज्यभर ते घालण्यास बंदी केली आणि ७ मेपासून कायदा लागू झाला. पंचवीस वर्षांपूर्वी हो म्हणणाऱ्या काउंट्यांत या वेळी मतदान झाले नाही.