अंडं ब्राऊन आहे म्हणजे गावठी आहे? जास्तीचे पैसे नेमके कशाचे जातात?

ट्रॉम्बे कोळीवाडा असो की चीता कॅम्प, नाक्यावरच्या किराणा दुकानात अंडी घ्यायला गेलं की पांढरी की ब्राऊन, हा प्रश्न येतोच. ब्राऊनचा भाव पांढऱ्यापेक्षा चढा, कधी कधी जवळपास दुप्पट. घरात कुणी गरोदर असेल किंवा मूल आजारातून उठलं असेल, तर "निदान तिच्यापुरती तरी ब्राऊन आण" असं सांगितलं जातं. ज्या घरात अंडं हेच सगळ्यात परवडणारं प्रोटीन आहे, तिथे हा फरक छोटा नाही. एका ब्राऊन अंड्याच्या पैशात कदाचित दोन पांढरी आली असती.

त्या जास्तीच्या पैशात पोषण किती मिळतं? रंगामुळे तरी काहीच नाही. 50 ग्रॅमच्या अंड्यात साधारण सहा ते साडेसहा ग्रॅम प्रोटीन असतं, कवच पांढरं असो की ब्राऊन.

कवचाचा रंग ठरतो कोंबडीच्या जातीवरून. व्हाइट लेगहॉर्न पांढरी अंडी देते, ऱ्होड आयलंड रेड ब्राऊन देते. कोंबडीच्या पोटात एक अंडं तयार व्हायला 24 ते 26 तास लागतात आणि त्यातले सुमारे 20 तास एकट्या कवचाला जातात. कवच मुळात पांढरंच असतं, कारण ते बनतं कॅल्शियम कार्बोनेटचं. ब्राऊन अंडी देणाऱ्या जातीत अगदी शेवटच्या काही तासांत त्यावर प्रोटोपॉर्फिरिन नावाचं रंगद्रव्य चढतं. रक्तातलं हिमोग्लोबिन बनताना शरीरात जे तयार होतं, तेच हे.

रंग असा शेवटी आणि वरून चढत असल्यामुळे ब्राऊन अंड्याचं कवच आतून फिकट, जवळपास पांढरं दिसतं. "आतून पांढरं निघालं म्हणजे अंडं नकली" असं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असेल तर ते खुशाल डिलीट करा. खरा संशय घ्यायचा तो दुसऱ्याच गोष्टीचा: पांढऱ्या अंड्यांना चहाच्या पाण्याने किंवा रंगाने ब्राऊन करून विकण्याचा. ओल्या फडक्याने चोळल्यावर फडक्याला रंग लागला, तर ते अंडं परत करावं. व्हिनेगरने मात्र तपासू नये, त्याने अस्सल ब्राऊन अंड्याचा रंगही निघतो.

मग ब्राऊन महाग का? ही अंडी देणाऱ्या कोंबड्या सहसा अंगाने मोठ्या असतात, त्यामुळे जास्त खातात. पोल्ट्रीत सगळ्यात मोठा खर्च खाद्याचाच. पांढऱ्या अंड्यांची गोष्ट उलटी आहे आणि तिचा एक धागा पुण्यात आहे. डॉ. बी. व्ही. राव यांनी 1971 मध्ये तिथे वेंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली. या कंपनीची बीव्ही-300 ही कोंबडी कमी खाद्यात वर्षाला 300 हून जास्त पांढरी अंडी देते. भुर्जीच्या गाडीवर पांढरीच अंडी दिसतात, ती अशा कोंबड्यांमुळे. लोक त्यांना "बॉयलरची अंडी" म्हणतात, पण ब्रॉयलर ही मटणासारखी खाण्यासाठी वाढवलेली कोंबडी. अंड्यांसाठीची वेगळी, तिला लेयर म्हणतात.

खरा घोळ होतो तो "ब्राऊन म्हणजे गावठी" या समजुतीने. अंगणात फिरणारी गावठी कोंबडी वर्षाला जेमतेम 60-80 अंडी देते, म्हणून ती महाग असणारच. तिचं अंडं मलईच्या रंगापासून फिकट तपकिरीपर्यंत काहीही असू शकतं आणि आकाराने लहान, 40 ग्रॅमच्या आसपास. म्हणजे प्रोटीनचा हिशेब मांडला तर एका गावठी अंड्यातून थोडं कमीच मिळतं! चव आवडते म्हणून घेतलं तर ती गोष्ट वेगळी. उलट दुकानातलं एकसारखं गडद ब्राऊन, मोठं अंडं बहुतेक वेळा पोल्ट्री फार्मवरच्या संकरित कोंबडीचं असतं. आणि कडकनाथचं अंडं काळं असतं असं दाखवणारे फोटोही खोटे. पिसांपासून मांसापर्यंत काळ्या असलेल्या या कोंबडीचं अंडं फिकट तपकिरीच असतं.

बलकाचंही तसंच. केशरी बलक पाहून लोक खूश होतात, पण तो रंग येतो मका, हिरवा पाला किंवा खाद्यात मिसळलेल्या झेंडूच्या अर्कातून. पांढरं अंडं देणाऱ्या कोंबडीला हे खाऊ घातलं, तर तिच्याही अंड्यात बलक केशरी होतो.

मुंबईच्या दमट हवेत रंगापेक्षा ताजेपणा बघणं जास्त कामाचं. घरी आणल्यावर अंडं भांडंभर पाण्यात सोडायचं. ताजं असेल तर तळाशी आडवं पडतं, जुनं होत गेलं की उभं राहतं, आणि तरंगलं तर फोडून वास घ्यायच्याही भानगडीत न पडता फेकून द्यायचं.