प्रश्न विचारावा तर असा!

बालमित्रांनो, वादविवाद स्पर्धेत नाव दिलं, की तुम्ही काय करता? भाषण पाठ करता! ते घडाघडा म्हणून दाखवताही. पण समोरच्याला प्रश्न विचारायची पाळी आली, की मग 'तुला काय कळतं यातलं?' अशी तोफ डागता. वर्ग हसतो, टाळ्याही पडतात. पण हाती काय लागतं? काहीच नाही! असा प्रश्न म्हणजे दोर न बांधताच विहिरीत सोडलेली घागर.

चला, एक विषय घेऊन पाहू या. आमचा गगनबावडा म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यातला सर्वात जास्त पावसाचा तालुका. इथून करूळ आणि भुईबावडा असे दोन घाट कोकणात उतरतात. पावसाळ्यात धुकं आणि धबधबे पाहायला पर्यटक येतात. समजा, एक वक्ता म्हणाला, "पर्यटकांमुळे गाव सुधारतं." त्याला काय विचाराल?

"तुम्हाला कचरा फार आवडतो वाटतं?" हा प्रश्न नव्हे, टोमणा झाला.

"पर्यटनाचे परिणाम काय?" हा एवढा मोठा, की उत्तर देणारा कुठूनही सुरुवात करील आणि कुठंही संपवील.

"पर्यटकांमुळे गावातल्या कोणाला आणि वर्षातले किती महिने काम मिळतं?" हां, आता कसं! या प्रश्नाला गोल गोल उत्तर देता येत नाही. समजा तो म्हणाला, "पावसाळ्याचे चार महिने." मग लगेच पुढचा प्रश्न, "उरलेले आठ महिने ती माणसं काय करतात?" हा दुसरा प्रश्न घरून लिहून आणता येत नाही, बरं का! समोरच्याचं उत्तर कान देऊन ऐकलं, तरच तो सुचतो.

आपल्या लोकसभेतही असंच चालतं. तिथं प्रश्नोत्तरांसाठी खास तास असतो. तारांकित प्रश्नाला मंत्री तोंडी उत्तर देतात आणि त्यावर पूरक प्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाला लेखी उत्तर मिळतं. आणि गंमत म्हणजे, प्रश्नात स्वतःचा युक्तिवाद, उपरोध किंवा कुणाची बदनामी नसावी, असा तिथला नियमच आहे. भाषण वेगळं, प्रश्न वेगळा!

चांगल्या प्रश्नाची आणखी एक खूण आहे. तो दोन्ही बाजूंना एकच माप लावतो. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुष तुलना' हे पुस्तक लिहिलं. त्या काळी अनेक घरांत विधवांना पुन्हा लग्न करायला बंदी होती आणि दोषही बायकांनाच दिला जाई. ताराबाईंनी सरळ विचारलं, की बायको वारल्यावर पुरुषाला दुसरं लग्न करता येतं, तर नवरा वारल्यावर बाईला का नाही? पुस्तकावर टीका झाली. जोतीराव फुले मात्र ताराबाईंच्या बाजूनं उभे राहिले.

हे माप आपल्यालाही लावायचं हं! 'पर्यटक कचरा करतात' असं म्हणण्याआधी स्वतःला विचारा, 'आपण जत्रेला जातो, तेव्हा आपला कचरा कोण उचलतं?' आणि समोरच्याचं उत्तर पटलं, तर 'पटलं' म्हणा. त्यात कसली हार?

आता तुम्ही म्हणाल, 'गुरुजी, स्पर्धा संपली की याचा उपयोग काय?' अरे, खरा उपयोग तर पुढंच आहे! अठरा वर्षांचे झालात आणि गावच्या मतदार यादीत नाव लागलं, की तुम्ही ग्रामसभेचे सदस्य होता. समजा, उन्हाळ्यात वाडीवरचा नळ कोरडा पडला. 'आमच्याकडं कुणाचं लक्षच नाही!' असं ओरडलात, तर 'बघू, करू' एवढंच ऐकायला मिळेल. पण 'दुरुस्तीला किती पैसे मंजूर झाले? काम कधी सुरू होणार? ते कोण पाहणार?' असं एकेक करून शांतपणे विचारलंत, तर उत्तर द्यावंच लागेल. नुसतं 'लवकरच' म्हणाले, तर तारीख विचारा. तीच वहीत लिहून घ्या आणि पुढच्या सभेला ती वही घेऊन जा.

या आठवड्यात एक करून पाहा. घरात किंवा वर्गात कुणी 'हल्ली सगळं बिघडलंय' म्हणालं, की वाद घालू नका. 'नक्की काय बिघडलं? कधीपासून?' एवढंच विचारा आणि उत्तर संपेपर्यंत गप्प राहा. गप्प राहणंच जास्त अवघड जातं, बघा!