भिंतीवरून उतरलेली माणसे

जुन्या वाड्याचे पाडकाम निघाले की सगळ्यांत आधी भाव ठरतो तो सागवानाचा. मग दारे, कड्या, पितळी भांडी. भिंतीवर वरच्या अंगाने किंचित पुढे झुकवून लावलेल्या तसबिरींना मात्र कोणी भाव विचारीत नाही. देवादिकांच्या तसबिरी नव्या घरी जातात, पणजोबांच्या जातातच असे नाही, कारण फ्लॅटच्या नव्या रंगाला खिळा ठोकायचा नसतो. चौकट आणि काच भंगारात निघते. आतला फोटो, पाठीच्या पुठ्ठ्यासकट, चुलीत.

यवतमाळला खेटून असलेल्या लोहाऱ्यासारख्या गावांना हे नुकसान अधिक सोसावे लागते. शहर अंगावर चालून आले, एमआयडीसी आली, शेतांचे प्लॉट पडले. कमलेश्वराचे जुने देऊळ आहे, ते राहील. पण कापसाच्या गाड्या कुठे सुटत, पोळ्याचे तोरण कोणत्या दोन झाडांना बांधले जाई, हे सांगणारा कागद कोणत्याही कचेरीत सापडायचा नाही. सापडलाच तर एखाद्या घरच्या ट्रंकेत, लग्नाच्या फोटोमागच्या दृश्यात.

इंग्लंडमध्ये या गोष्टीची जाग लवकर आली. १८८९ मध्ये जेरोम हॅरिसन नावाच्या गृहस्थांनी बर्मिंगहॅमच्या फोटोग्राफीच्या मंडळापुढे एक कल्पना मांडली: आपल्या वॉरिकशायर परगण्याची गावे, जुनी घरे, चर्च, सारे कॅमेऱ्याने नोंदवून ठेवावे. हौशी मंडळी कामाला लागली. पुढे १८९७ मध्ये सर बेंजामिन स्टोन यांनी हीच गोष्ट देशभर करण्यासाठी संस्था काढली. स्वतः खासदार असलेला हा माणूस गावोगावच्या जत्रा आणि जुन्या चालीरीती टिपत फिरला. फोटोखाली ठिकाण आणि तारीख लिहायची त्यांची शिस्त मला फोटोंपेक्षाही मोलाची वाटते.

आपल्या वऱ्हाडात कॅमेरा आला तो साहेबाच्या कामाने. अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करण्यात आयुष्य घालवणाऱ्या मेजर रॉबर्ट गिल यांची बरीचशी चित्रे १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाली. त्यांनी कॅमेराही हाती घेतला होता आणि लोणारची देवळे टिपली होती. पुढे पुरातत्त्व खात्याचे हेन्री कझिन्स यांनी मध्य प्रांत आणि वऱ्हाडातील जुन्या वास्तूंची यादी १८९७ मध्ये प्रसिद्ध केली. हे ऋण मान्यच आहे. पण त्या काळचे असले सरकारी फोटो जरा निरखून पाहा. खांबाशेजारी एखादा धोतर-पागोट्यातला माणूस ताठ उभा असतो. खांब किती उंच हे कळावे म्हणून त्याला तिथे उभे केलेले असते. देवळाचे नाव खाली छापलेले असते, त्याचे नसते.

शकुंतला रेल्वेचेही तसेच. वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या वाटेला लावण्यासाठी किलिक निक्सन कंपनीने ही अडीच फुटी गाडी धावती केली. मँचेस्टरला १९२१ मध्ये घडवलेले वाफेचे इंजिन १९२३ पासून १५ एप्रिल १९९४ पर्यंत यवतमाळ-मूर्तिजापूर मार्गावर राबले. त्या इंजिनाचे फोटो पुष्कळ निघाले. डब्याच्या दारात गाठोडे धरून बसलेल्या बाईसाठी कोणी कॅमेरा उघडला असेल असे वाटत नाही. आली असेल तर चुकून, कडेला. आता गाडीही थांबली आहे.

आणि १९३० चा जंगल सत्याग्रह? १० जुलैला पुसदला लोकनायक बापूजी अणे यांनी गवत कापून कायदा मोडला. त्याच महिन्यात लोहाऱ्याच्या जंगलात डॉ. हेडगेवार यांनी सत्याग्रह केला. पुढाऱ्यांचे चेहरे पुस्तकांतून आपल्याला ठाऊक आहेत. त्या दिवशी बांधावर जमलेल्या गावकऱ्यांचे चेहरे पाहायचे तर त्यांच्या घरचेच फोटो शोधावे लागतील.

हे घरचे फोटो बहुधा स्टुडिओतले. मागे पडद्यावर रंगवलेला जिना आणि बाग, शेजारी तिवईवर फुलदाणी. आजोबा खुर्चीत, गुडघ्यांवर हात. आजी मागे उभी, पदर डोक्यावरून, नजर कॅमेऱ्याला चुकवून. फोटो काढला की आयुष्य घटते असे मानणारी ती पिढी, तेव्हा चेहऱ्यावर हसू कुठून यावे! पाठ उलटून पाहिली तर पुरुषांची नावे आडनावासकट, आणि बाईपुढे नुसते ‘सौ.’ किंवा ‘मंडळी’. तिचे नाव आज घरातल्या एखाद्याच म्हाताऱ्या माणसाला ठाऊक असते. ते माणूस गेले की नावही गेले.

म्हणून घाई आहे. मोबाइलने फोटोचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला की काम झाले, असा एक समज आहे. नावाशिवाय तो फोटो शंभर मोबाइलांत गेला तरी अनोळखीच राहतो. एखाद्या दुपारी आत्याबाईंजवळ बसावे, डावीकडून उजवीकडे एकेक नाव विचारावे आणि पाठीच्या कडेला मऊ पेन्सिलीने, न दाबता लिहावे. बॉलपेन नको, त्याचे वळ पुढे उमटतात. चिकटपट्टी आणि लॅमिनेशन तर मुळीच नको. फोटो काचेला चिकटला असेल तर ओढू नये, काचेसकट जपावा आणि तसाच त्याचा फोटो घ्यावा. पाठीवर स्टुडिओचा शिक्का असला तर तोही टिपावा. घरच्या जुन्या कागदांवर ‘वणी जिल्हा’ दिसला तर दचकू नये. १९०५ पर्यंत आपल्या जिल्ह्याचे नाव तेच होते, तेव्हा तो कागद त्याआधीचा असण्याचा संभव मोठा.

सुरुवात कुठून करायची, तर शाळेच्या ग्रुप फोटोपासून. लग्नाच्या फोटोत एकच गोतावळा असतो. शाळेच्या फोटोत पाटलाचा मुलगा, सुताराचा मुलगा आणि सालदाराचा मुलगा एका रांगेत मांडी घालून बसलेले दिसतात, कोणाच्या अंगात कोट, कोणाच्या सदऱ्याला गुंडी नाही. मधोमध खुर्चीत मास्तर. आणि पुढच्या रांगेतल्या पोराच्या मांडीवर पाटी उभी धरलेली, तिच्यावर खडूने इयत्ता आणि साल.