मासिक पाळी : ज्ञान आणि आरोग्य

मराठी घरांत एकेकाळी पाळी आलेल्या स्त्रीला ‘कावळा शिवला’ असे म्हणत. ती तीन दिवस बाजूला बसे आणि चौथ्या दिवशी न्हाऊन मगच स्वयंपाकघरात पाऊल टाकी. काळ बदलला, परंतु संकोच पुरता गेला नाही. दिल्लीसारख्या महानगरात विद्यापीठात शिकणाऱ्या तरुणीलाही दुकानदार सॅनिटरी नॅपकिन देतो, तो बहुधा काळ्या पिशवीत किंवा कागदात गुंडाळून. जी गोष्ट लपवायची, तिच्याविषयी प्रश्न विचारता येत नाहीत. आणि प्रश्नच नसतील तर पदवी हाती असूनही अज्ञान कायम राहते.

वस्तुतः पाळी ही शरीराची स्वाभाविक क्रिया आहे. दर महिन्याला बीजकोशातून एक बीज बाहेर पडते. गर्भ राहिल्यास त्याचे पोषण व्हावे, म्हणून गर्भाशयाचे आतील अस्तर जाड होते. गर्भ राहिला नाही, तर हे अस्तर रक्तासह बाहेर पडते. हे रक्त अशुद्ध नसते; म्हणून विटाळाच्या कल्पनेला शास्त्राचा आधार नाही. प्रौढ स्त्रीमध्ये दोन पाळ्यांतील अंतर सामान्यतः २१ ते ३५ दिवस असते आणि स्राव २ ते ७ दिवस चालतो. स्राव फार होत असेल किंवा वेदना असह्य असतील, तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

या दिवसांत स्वच्छतेला विशेष महत्त्व आहे. नॅपकिन साधारणतः दर ४ ते ६ तासांनी बदलावा. कापड वापरणेही अयोग्य नाही. मात्र ते साबणाने स्वच्छ धुऊन कडक उन्हात वाळवावे. लाजेपोटी अंधाऱ्या कोपऱ्यात वाळत घातलेले दमट कापड जंतुसंसर्गाचे कारण ठरू शकते. वापरलेला नॅपकिन कागदात गुंडाळून कचरापेटीत टाकावा, शौचकूपात टाकू नये.

हा प्रश्न केवळ घरापुरता नाही. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला, तेव्हा कुंकू, टिकली, बांगड्या करमुक्त होत्या. सॅनिटरी नॅपकिनवर मात्र १२ टक्के कर होता. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातील एका संशोधक विद्यार्थिनीने याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात याचिका दाखल केली. देशभरातूनही या कराला विरोध झाला. अखेर जुलै २०१८ मध्ये नॅपकिन करमुक्त करण्यात आले. ज्या विषयावर घरात कुजबुजही होत नसे, त्यावर न्यायालयात उघडपणे युक्तिवाद झाला.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २०१५-१६ मध्ये १५ ते २४ वयोगटातील सुमारे ५८ टक्के स्त्रिया पाळीत आरोग्यदायी साधने वापरत होत्या. २०१९-२१ मध्ये हे प्रमाण ७५ टक्क्यांच्या वर गेले. साधने घरोघरी पोहोचत आहेत. त्यांच्याबरोबर ज्ञानही पोहोचले पाहिजे. आईने मुलीला पहिल्या पाळीपूर्वीच सारे समजावून सांगितले आणि घरातील पुरुषांनीही ते जाणून घेतले, तर कोणत्याही मुलीला हे दिवस भीतीत काढावे लागणार नाहीत.